पोराचा ओसीटी लाल आला तर आधी काय बघायचं

आमच्याकडे जळगावला चोपडा, यावलहून आईबाप पोराला घेऊन येतात, हातात ओसीटीची (डोळ्याच्या पडद्याच्या, नसेच्या थराची जाडी मोजणाऱ्या स्कॅनची) प्रिंट, त्यावर लाल पट्टा, म्हणजे थर नेहमीपेक्षा पातळ, कोणीतरी काचबिंदू सांगून टाकलेला आणि माय बिचारी रडकुंडीला आलेली. म्हणून नवीन ऑप्टोमेट्रिस्ट मंडळींसाठी लिहितोय.

पहिले तर रंगावर जाऊ नका भाऊ. बहुतेक मशीनमधे तुलनेसाठी 18 वर्षांपुढच्या माणसांचाच डेटा असतो, 12 वर्षांच्या पोराला तो लागू होत नाही. मग चष्म्याचा नंबर बघा. मायनस 6 च्या पुढे असेल तर डोळा लांबट असतो, नसेच्या तंतूंचे जाड गठ्ठे कानशिलाकडे सरकलेले असतात आणि मशीन त्यांना नेहमीच्या जागी शोधतं, सापडत नाहीत म्हणून लाल. सिग्नल 10 पैकी 6 च्या खाली असेल किंवा स्कॅनचं वर्तुळ डिस्कवर (नस डोळ्यात शिरते त्या गोल जागेवर) नीट बसलं नसेल तर स्कॅन परत घ्या, पोरं हलतातच.

मला खरी भीती वाटते ती फुगलेल्या डिस्कची, कारण मागे मेंदूतला वाढलेला दाब असू शकतो. सकाळी डोकं दुखतं का, उलटी होते का, वाकल्यावर क्षणभर अंधारी येते का, एकाचे दोन दिसतात का, हे विचारा आणि बीपी मोजा. यातलं काही असेल तर ओसीटीत वेळ घालवू नका, त्याच दिवशी मेंदूच्या एमआरआयला पाठवा. काहीच नसेल तर ड्रुसेन (डिस्कमधे साठलेले गोळे, त्यांनीही ती फुगल्यासारखी दिसते) शोधा: ओसीटीच्या ईडीआय (खोलवरचं दाखवणाऱ्या) मोडमधे आतून काळा, कडेनी पांढरा गोळा दिसतो, बी-स्कॅनवर (डोळ्याच्या सोनोग्राफीवर) गेन, म्हणजे चमक कमी केली तरी चमकत राहतो. पण लहान पोरांत ड्रुसेन खोल असतो, त्यात चुना जमलेला नसतो, त्यामुळे दिसला नाही म्हणजे नाहीच असं धरू नका, डिस्कचा फोटो काढून ठेवा आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा.

विशीतला पोरगा, न दुखता एका डोळ्याची मधली नजर गेली, तंतूंचा थर उलट जाड दिसतोय पण अँजिओग्राफीत (रंग टोचून काढलेल्या डोळ्याच्या फोटोंत) डिस्कमधून गळती नाही, तर मामाची चौकशी करा. मामाची नजर तरुणपणी गेली होती का? हा लेबरचा आजार (डोळ्याच्या नसेचा आनुवंशिक आजार) असू शकतो, तो आईकडून येतो, दुसरा डोळाही काही आठवड्या-महिन्यांत जातो, म्हणून रक्ताची जनुकीय तपासणी लगेच सांगा.

तंतूंच्या थराचा फक्त वरचा भाग पातळ असेल तर आईला गरोदरपणी शुगर होती का विचारा, तो जन्मजात प्रकार असू शकतो, तो वाढत नाही.

आणि जुनी प्रिंट आईबापांना जपून ठेवायला सांगा, पुढचा स्कॅन त्याच मशीनवर करा.