व्हॅक्यूम इन्फ्युजन: पार्ट रेझिन सोडण्याआधीच बिघडतो

व्हॅक्यूम इन्फ्युजनमध्ये साच्यात काचेच्या धाग्यांचं कोरडं कापड पसरतात, वर प्लास्टिकची बॅग टेपने हवाबंद चिकटवतात आणि पंपाने हवा ओढतात; त्या ओढीने द्रव रेझिन कापडात शिरतं आणि घट्ट होऊन पार्ट तयार होतो. साच्यातून पार्ट काढला आणि मधोमध पांढरट, कोरडा डाग दिसला की बहुतेकांचा पहिला संशय रेझिनवर जातो. रेझिन बदलून पुढचा पार्टही तसाच निघतो, कारण चूक बहुधा बॅग लावतानाच झालेली असते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पंप चालू ठेवून गेज बघणं. बारीक लीकमधून येणारी हवा पंप ओढून टाकत राहतो आणि काटा छान दिसतो. पंपाची नळी क्लॅम्पने बंद करा, गेज पंपापासून लांबच्या टोकाला लावा आणि 15 ते 30 मिनिटं बघा. सुरुवातीला थोडा फरक पडला तर पुन्हा व्हॅक्यूम ओढून परत बघा; प्रत्येक वेळी काटा तितकाच सरकत असेल, तर लीक आहे. टेपखाली अडकलेला काचेचा एखादा धागा, चुणीचा कोपरा आणि नळी बॅगेत शिरते ती जागा, या तीन ठिकाणी आधी शोधा. सगळं नीट असूनही लीक राहिला, तर साचाच सच्छिद्र असू शकतो. रिकाम्या साच्यावर बॅग लावली की ते कळतं.

दुसरी चूक वेळेच्या हिशोबाची. रेझिनने पहिले 30 सेंटिमीटर 4 मिनिटांत कापले, तर 60 सेंटिमीटरला 8 नव्हे, साधारण 16 मिनिटं लागतात. वेळ अंतराच्या वर्गाने वाढतो. म्हणून मोठ्या पार्टला एकाच टोकाकडून रेझिन देऊ नका, मधे आणखी फीड लाइन (रेझिन आत सोडणाऱ्या नळ्या) टाका. गरम रेझिन पातळ होऊन पळतं खरं, पण जेलही लवकर होतं, म्हणजे घट्ट होऊन थांबतं.

मॅट, म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड, कडेला तोकडी कापली की तिथे मोकळी वाट राहते. रेझिन त्या वाटेने पुढे धावतं, आउटलेट (पंपाकडे हवा जाते ते तोंड) गाठतं आणि मागे हवेचं बेट अडकतं. मग पंप कितीही चालवा, ती हवा निघत नाही. कापड साच्याच्या कडेपर्यंत नीट बसवा आणि फ्लो मेश (रेझिन पसरवणारी जाळी) आउटलेटच्या 3 ते 5 सेंटिमीटर आधीच थांबवा.

पॉलिएस्टर किंवा व्हिनाइलएस्टर रेझिनला अतिव्हॅक्यूमही बाधतो. उष्ण दिवशी निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) 10 मिलिबारपर्यंत नेला तर रेझिनमधलं स्टायरीन हे द्रावक उकळतं आणि भरलेल्या पार्टमध्ये बुडबुडे होतात. लाइट आरटीएममध्ये (बॅगेऐवजी वरून हलका साचा लावून रेझिन आत ढकलायची पद्धत) उलटी चूक दिसते: पार्ट लवकर भरावा म्हणून इंजेक्शनचा दाब वाढवतात. तिथे वरचा साचा फक्त व्हॅक्यूमने धरलेला असतो, त्यामुळे तो उचलला जातो आणि पार्टची जाडी बिघडते.

एमईकेपी (रेझिन घट्ट करणारं हार्डनर) आणि कोबाल्ट (ते काम वेगाने करवणारं रसायन) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, एमईकेपी नंतर घाला.

आणि रेझिनच्या बादलीजवळ लक्ष ठेवायला कोणीतरी उभं राहायलाच हवं. रेझिन तळाशी जायच्या आत इनलेट (रेझिन आत नेणारी नळी) बंद करा; एक घोट हवा आत गेली, तरी ती थेट लॅमिनेटमध्ये, म्हणजे रेझिन भरलेल्या कापडाच्या थरांत, शिरते.