फोल्डिंग चाकूचं तुटलेलं टोक ग्राइंडरवर घ्यायच्या आधीची तयारी

पहिल्यांदा मार्कर हातात घ्या, ग्राइंडर नंतर. टोक तुटलं की धारेच्या बाजूने घासून काढावंसं वाटतं, पण फोल्डिंग चाकूला ते चालत नाही, कारण तसं केलं की नवीन टोक पाठीकडे (धारेच्या उलट, बोथट बाजूला) सरकतं आणि चाकू मिटल्यावर मुठीच्या बाहेर राहतं, खिशात हात घातला की लागलंच समजा. पाठीकडून घासायचं, म्हणजे टोक धारेकडे येतं आणि मिटल्यावर आत बसतं. रेघ आखा, मिटवून बघा, शंका असेल तर परत आखा.

मग चाकू खोला. बहुतेक स्क्रू टी ६ नाहीतर टी ८ टॉर्क्सचे (डोक्यावर चांदणीसारखी खाच असलेले) असतात, बिट नीट बसणारा घ्या नाहीतर डोकं घासून जातं, आणि थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावतात तो गोंद) लावलेला असेल तर जोर न लावता सोल्डरिंग गनचं टोक स्क्रूवर थोडा वेळ टेकवा. वॉशर कुठल्या क्रमाने निघाले त्याचे फोटो काढून ठेवा. स्क्रूऐवजी रिव्हेट (ठोकून पक्की केलेली खिळ) मारलेला असेल तर खोलू नका, उघडून लॉक करा आणि सांध्यावर टेप गुंडाळा, ग्राइंडिंगची भुकटी आत गेली की उघडझाप खरखरते. धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर. लॉक जिथे टेकतो त्या पात्याच्या मागच्या भागाला अजिबात हात लावायचा नाही, तिथे जरा जरी घासलं तरी लॉक नीट बसणार नाही आणि चाकू बोटांवर मिटू शकतो.

आता उष्णता, मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच. टोक पातळ असतं, दोन-तीन सेकंदात तापतं, आणि बऱ्याच खिशातल्या चाकूंचं स्टील १५०-२०० अंश सेल्सिअसच्या आसपास टेंपर केलेलं (कडक केल्यावर ठिसूळपणा घालवायला परत तापवलेलं) असतं, त्याच्या वर गेलं की पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरायला लागतो. साध्या कार्बन स्टीलवर निळा रंग ३०० अंशांच्या आसपास येतो, म्हणजे निळं दिसलं तेव्हा उशीर झालेला असतो, स्टेनलेसवर तर रंग अजून उशिरा येतो. माझ्या एका पात्याचं टोक असंच निळं पडलं होतं, नंतर कितीही धार लावा, दोन दिवसात बोथट, शेवटी तेवढा भाग काढूनच टाकावा लागला. म्हणून पाण्याची बादली हाताशी, बेल्ट ग्राइंडर असेल तर त्याचा घासायचा बेल्ट नवा (जुना झिजलेला बेल्ट कापत नाही, नुसता घासून तापवतो), एकेक हलका पास आणि लगेच पाण्यात. हातमोजे नकोत, एक तर फिरणाऱ्या चाकात अडकतात आणि दुसरं म्हणजे पातं किती तापलंय ते उघड्या बोटालाच कळतं.

बेंच ग्राइंडर वापरणार असाल तर पातं टेकवायचा टेकू आणि चाकातली फट ३ मिमीच्या वर नको. रोटरी टूलच्या (हातात धरायचं छोटं फिरतं मशीन) कटिंग डिस्कवर लिहिलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनपेक्षा कमी नाही ना ते बघा, आणि डिस्कच्या रेषेत तोंड ठेवू नका, फुटली तर तुकडे त्याच रेषेत उडतात. गॉगल, धुळीचा मास्क, सुती कपडे, बाह्या दुमडलेल्या, केस बांधलेले. त्याच मशीनवर आधी ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम घासलं असेल तर ती भुकटी पूर्ण साफ करा, स्टीलच्या ठिणगीने ती पेट घेते.

शेवटी ४०० आणि १००० ग्रिटचे (आकडा मोठा तितका दगड बारीक) धारेचे दगड, तेलाची बाटली आणि जुनं फडकं बाजूला काढून ठेवा, आणि रेघेच्या एक मिमी आधी मशीन बंद करा, उरलेलं दगडावर हाताने.