चेटकिणीवाली डार्क रोमान्स घेताय? आधी रिव्ह्यू असे वाचा

काळं कव्हर, त्यावर सोनेरी चंद्र नाहीतर कवटी, बाजूला मेणबत्ती लावलेली रील आणि खाली कुणीतरी लिहिलेलं "मी संपले, मला कुणीतरी उचला". हे बघून लगेच बाय नाऊ दाबू नका. डार्क रोमान्सवर, म्हंजे जबरदस्ती, हिंसा, पझेसिव्ह हिरो असलेल्या प्रेमकथांवर, वाचक तसेही भांडतातच, त्यात चेटूक, शाप, कव्हन (चेटकिणींची टोळी) वगैरे आलं की अजूनच पेटतं, आणि गंमत म्हंजे डोक्यावर घेणारे आणि शिव्या घालणारे बऱ्याचदा एकाच सीनबद्दल बोलत असतात. तुम्हाला फक्त एवढंच शोधायचंय की तो सीन तुम्हाला झेपेल का.

ॲव्हरेज रेटिंगकडे काणाडोळा करा. गुडरीड्स या पुस्तकांच्या रिव्ह्यूच्या साइटवर अर्धा स्टार देता येत नाही आणि तिथे २ स्टारचा अर्थ "ठीक होतं", ३ चा अर्थ "आवडलं" असा लिहिलेला आहे, पण आपल्या डोक्यात ३ म्हंजे काठावर पास, त्यामुळे ३.६ दिसलं की नाक मुरडायचं. शिवाय पुस्तक बाजारात यायच्या आधीच रेटिंग पडायला लागतात कारण काही वाचकांना आगाऊ फुकट कॉपी मिळते, तिला एआरसी म्हणतात. त्यात गैर काही नाही, पण ती घेणारी मंडळी बहुतेक आधीपासूनचीच फॅन असतात. रिव्ह्यूत "कॉपीबद्दल आभार" दिसलं की तो ५ स्टारचा पाऊस जरा बाजूला ठेवायचा.

मग सरळ २ आणि ३ स्टारचा फिल्टर लावा, खरा माल तिथेच असतो. समजा एकीने लिहिलंय की हिरो भयंकर पझेसिव्ह आहे, तिला टॉवरमधे कोंडून ठेवतो, ती त्याचा जीव घ्यायला आलेली असते आणि चार चॅप्टरमधे विरघळते, जादू नुसती नावाला आहे आणि शेवट अर्ध्यात तोडलाय. आता यातलं कोंडून ठेवणं ही तक्रार धरूच नका, दुकानाच्या पाटीवरच ते लिहिलेलं आहे, ज्यांना नकोय त्यांनी आत शिरू नये. चार चॅप्टरमधे विरघळणं मात्र लेखनाची चूक आहे, दुश्मनी पटली नाही तर प्रेमही पटत नाही, आणि हीच तक्रार तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी केली असेल तर ती खरी धरा. शेवट तोडलाय म्हंजे दोन भागांची सिरीज असणार, तर दुसरा भाग आलाय का ते बघून घ्या, नाहीतर वर्षभर बोंबलत बसाल. नुसतं "टॉक्सिक आहे" एवढंच लिहिलेला रिव्ह्यू मी तरी सोडून देते, त्यातून काहीच कळत नाही.

आता चेटकिणींच्या पुस्तकांची खास भानगड, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. साध्या माफियावाल्या डार्क रोमान्समधे जबरदस्ती डोळ्याला दिसते. इथे ती मंत्रात लपते. रक्ताने बांधलेलं नातं, प्रेमाचा काढा, शाप उतरेपर्यंत एकमेकांपासून लांबच जाता येत नाही, अशा सगळ्या ट्रिका. लोकलच्या डब्यात बाबा बंगालीची "वशीकरण, २४ तासात रिझल्ट" अशी चिकटपट्टी बघून आपण हसतो ना, तेच हिरोने केलं की "हाय, किती इंटेन्स". वाचकांचं सगळ्यात मोठं भांडण इथेच होतं, तिची ओढ तिची स्वतःची की मंत्राची. म्हणून रिव्ह्यूमधे बॉन्ड, स्पेल, कन्सेंट हे शब्द शोधा आणि दोन गोष्टी बघा, मंत्र तुटल्यावर ती पुन्हा स्वतःहून निवड करते का, आणि त्याने काय केलं ते तिला कळतं का. या दोन्हीचं उत्तर हो असेल तर बरेच चिडलेले वाचकही शेवटी ४ स्टार देऊन जातात. उत्तर कुणीच देत नसेल तर स्पॉयलरचा पडदा उघडा, सरप्राइज गेलं तर गेलं.

दुसरा एक गट असतो इतिहासवाल्यांचा. कथा अमेरिकेतल्या सेलमची, म्हंजे चेटकिणींच्या खटल्यांसाठी गाजलेल्या गावाची असेल आणि चेटकिणीला जाळताना दाखवलं की ही लोकं तुटून पडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे, १६९२ मधे सेलमला १९ जणांना फाशी दिलं, एका म्हाताऱ्याला दगडाखाली चिरडलं, जाळलं कुणालाच नाही. जाळणं झालं ते युरोपात, स्कॉटलंडमधे तर बहुतेकदा आधी गळा आवळून मग. पुस्तक पूर्ण काल्पनिक जगात घडत असेल तर हे रिव्ह्यू सोडा, पण सेलमचं नाव घेऊन विकत असेल तर आळस कळतो. विक्का, म्हंजे चेटूक मानणारा आधुनिक धर्म, पाळणारे वाचकही असतात, त्यांना प्रत्येक विधीत रक्त आणि बळी दाखवलेलं खटकतं, तेही वाचण्यासारखं असतं. आणि आपल्यापैकी काहींना जमावाने बाईला चेटकीण ठरवून ओढत नेण्याचा सीन रोमँटिक वाटूच शकत नाही, कारण डाकीण म्हणून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या नंदुरबारकडून, झारखंडातून अजून येतात. महाराष्ट्रात २०१३ ला जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच नाही. तुमचं तसं होत असेल तर तो सीन आहे का हे आधीच विचारून घ्या, त्यात लाजायचं काय.

पुस्तकात त्रासदायक काय आहे याच्या वॉर्निंगसाठी स्टोरीग्राफ ही साइट बघा, तिथे वाचकच टाकतात आणि ग्राफिक, मॉडरेट, मायनर असे भाग केलेले असतात, म्हंजे नुसता उल्लेख आहे की पानभर वर्णन ते कळतं. त्यानंतर किंडलवर फ्री सॅम्पल उघडा, बऱ्याच लेखिका पहिल्या पानांतच वॉर्निंगची यादी देतात. कव्हरवर कार्टून आहे म्हणून भाचीला गिफ्ट देऊ नका प्लीज, आतला मजकूर अठरा प्लसच असतो.

वाचून झाल्यावर तुम्हीपण लिहा, पण पुढच्याला उपयोग होईल असं. आधी वॉर्निंग, मग मिरच्या किती (म्हंजे सेक्स सीन किती तिखट), मग जादूचे नियम धड आहेत की गरजेपुरते बदलतात, शेवट गोड की अर्धवट, आणि तुम्हाला काय टोचलं ते नेमकं कुठल्या प्रसंगात. स्पॉयलर असेल तर झाका. शिव्या घालायच्या असतील तर लेखिकेला टॅग करू नका, आणि ज्यांना आवडलं त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय वगैरे लिहायचं तर अजिबात नाही, उद्या त्यातलीच एखादी तुम्हाला पुढचं पुस्तक सुचवणारे.