डीपीएफ साफ ठेवायचा तर आधी हायवे, मग बाटली

गाडी बीएस-६ डिझेल आणि फिरणं काय तर नागपुरातच बर्डी, महाल, इतवारी, परत घर, असं असलं की डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा आज ना उद्या लागतेच. मग माणूस ॲडिटिव्हची बाटली आणते, टाकीत ओतते आणि पुन्हा त्याच सिग्नलवर जाऊन उभं राहते. अरे भाऊ, काजळी जळते गरमीने, नुसत्या बाटलीने नाही.

होते काय की फिल्टरमध्ये अडकलेली काजळी जाळायला साधारण ६०० डिग्री लागते आणि सिटी ट्रॅफिकमध्ये एक्झॉस्ट तेवढा तापतच नाही, बाहेर आपलं नागपुरी ४५ असलं तरी. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जास्तीचं डिझेल मारून फिल्टर तापवते, त्याला म्हणतात रीजन. हे सुरू असलं की आयडलला आरपीएम थोडा चढलेला दिसते, पंखा जोरात फिरते, चालू मायलेज एकदम पडते, गरम वास येते. तेव्हा गाडी बंद करायची नाही, घर आलं असलं तरी अजून १५-२० मिनिटं फिरवून आणायची. दर वेळी अर्ध्यात तोडलं की न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते, डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसली आणि डिझेलचा वास आला तर ऑइल बदलूनच टाका.

सोपा उपाय म्हणजे अधूनमधून वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाऊन यायचं, इंजिन गरम झालं की एक गिअर खाली ठेवून आरपीएम २०००-२५०० मध्ये, २०-२५ मिनिटं न थांबता. टाकीत पाव टाकी तरी डिझेल ठेवा, कमी असलं तर बऱ्याच गाड्या रीजन सुरूच करत नाहीत.

आता बाटली. एक प्रकार इंजेक्टर क्लीनरचा, त्याने जळणं सुधारते आणि काजळी कमी बनते. दुसरा लोह नाहीतर सिरियम धातूवाला, तो काजळी जळायचं तापमान खाली आणते. मॅन्युअलमध्ये मनाई नाही ना ते पाहा, बाटलीवर लिहिलं तेवढंच माप घ्या, डबल टाकून काही डबल होत नाही. आधी ॲडिटिव्ह, वरून डिझेल, म्हणजे नीट मिसळते, आणि हायवेला निघायच्या आधीच टाका. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाड्यांचं) टाक म्हणणारे पण भेटतात, ऐकू नका. आणि डीईएफ (धूर साफ करायचं युरियाचं पाणी) म्हणजे ॲडिटिव्ह नव्हे, त्याची टाकी वेगळी, चुकून डिझेलमध्ये गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका, सरळ टो करून न्या.

महागड्या प्रीमियम डिझेलमागे पळायची काही गरज नाही, १ एप्रिल २०२० पासून पंपावरच्या साध्या डिझेलमध्येपण सल्फर १० पीपीएमच्या (दहा लाखात दहा भाग) आतच आहे. पैसा घालायचाच तर इंजिन ऑइलमध्ये घाला: मॅन्युअलमध्ये सांगितलेलं लो-सॅप्सवालं, म्हणजे कमी राख करणारं, बहुतेक सी२ किंवा सी३ ग्रेडचं. काजळी जळून जाते पण ऑइलमधून येणारी राख जळत नाही, ती साचतच राहते, शेवटी फिल्टर काढून धुवावा लागते.

दिवा ब्लिंक होऊन राहिला किंवा गाडी पिकअपच घेत नाही, तर मग हायवे नको, गॅरेजात स्कॅनर लावा. फोर्स्ड रीजन (स्कॅनरवरून मुद्दाम सुरू केलेलं) करायच्या आधी मेकॅनिकला इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), टर्बोचं ऑइल लीक आणि प्रेशर सेन्सरचा पाइप बघायला लावा, नाहीतर तोच दिवा परत येते. "फिल्टरच कापून टाकू" म्हणणाऱ्याला नाही म्हणा, ते बेकायदा आहे आणि वॉरंटीपण जाते. अन् रीजननंतर गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नका, उन्हाळ्यात तर मुळीच नाही, खालून एक्झॉस्ट भट्टीसारखा तापलेला असते.