कार्पेटखाली ओक निघालाय? स्टेन मारायचा का, आणि मारायचाच तर कुठला

इकडे न्यू जर्सीत १९५०-६० च्या दशकातलं घर घेतलं आणि कार्पेट उचकटलं की खाली बऱ्याचदा रेड ओकच्या लाकडाचा फ्लोअर निघतो, सव्वादोन इंची पट्ट्या, पाऊण इंच जाड. फ्लोअरवाला येतो, सँडिंगचा, म्हणजे लाकूड मशीनने घासून कोरं करण्याचा भाव सांगतो आणि पुढचाच प्रश्न, स्टेन, म्हणजे लाकडाला रंग देणारा द्रव, कुठला मारू? थांबवा त्याला. कुठला ते नंतर, आधी मारायचा का ते ठरवा. माझं मत विचाराल तर खास कारण नसेल तर नकोच.

कारण स्टेन लाकडात फार खोल जात नाही, वरवरच बसतो. खुर्ची सरकली, मुलांनी खेळण्यातला ट्रक ओढला की डार्क फ्लोअरवर पांढरट रेघ उमटते, तीच रेघ नॅचरल ओकवर शोधावी लागते. शिवाय स्टेनचे जादा पैसे, वाळायला किमान एक दिवस जास्त, आणि पुढे रंगाचा कंटाळा आला तर परत पार कोऱ्या लाकडापर्यंत सँडिंग. नुसतं वरचं पॉलीयुरेथेन, म्हणजे पॉली, लाकडाचं रक्षण करणारा पारदर्शक थर, घासून नवा कोट देता येतो, पण त्याने रंग बदलत नाही.

मग मारायचा कधी? भिंत पाडली आणि मध्ये नवीन पट्ट्या टाकल्या, त्या जुन्यांशी मॅच होत नाहीत, तेव्हा. किंवा आधीच्या मालकाच्या कुत्र्याने घाण केलेले काळे डाग सँडिंग करूनही गेले नाहीत तेव्हा. त्या पट्ट्या बदलणं सगळ्यात बरं, पण डाग खूप असतील तर डार्क रंग बरंच झाकतो. किंवा रेड ओकची गुलाबी झाक तुम्हाला अजिबातच सहन होत नसेल तर. शेजाऱ्यांकडे छान दिसतंय हे कारण नाही, त्यांचा कदाचित व्हाइट ओक असेल आणि तोच डबा तुमच्याकडे वेगळा दिसेल.

लाकूड कुठलं ते आधी नक्की करा. रेड आणि व्हाइट दोन्ही ओक स्टेन छान घेतात. मेपल, बर्च, पाइन मात्र नाठाळ, काही ठिकाणी पितात काही ठिकाणी नाही आणि चट्टे पडतात, मेपल असेल तर मी तरी नॅचरलच ठेवीन. आणि इंजिनिअर्ड फ्लोअर, म्हणजे प्लायसारख्या थरांवर खऱ्या लाकडाचा थर चिकटवलेला, असेल तर वरचा खऱ्या लाकडाचा थर किती जाड आहे ते बघा, एक-दोन मिलिमीटरच असेल तर सँडिंगचा विषयच सोडून द्या.

आता रंग. दुकानातल्या कार्डावरून निवडू नका, फोनवरच्या फोटोवरून तर नाहीच. सँडिंग झाल्यावर तुमच्याच फ्लोअरवर तीन-चार रंगांचे फूट-फूटभर पट्टे मारून घ्या, एक पट्टा नुसत्या पॉलीचा पण, आणि बाकीच्यांवरही पॉलीचा हात मारायला सांगा कारण रंग त्यानंतरच खरा कळतो. मग ते सकाळी बघा, दुपारी बघा, रात्री दिवे लावून बघा. फ्लोअरवाला घाईत असतो, तो म्हणेल सगळे प्रोव्हिन्शियल नाहीतर स्पेशल वॉलनट घेतात. वाईट नाहीत ते, मधले ब्राउन आहेत, रेड ओकची लाली बऱ्यापैकी दाबतात. पण पट्टा बघितल्याशिवाय हो म्हणू नका. आणि तो सँडिंगनंतर फ्लोअर पाण्याने ओला करणार असेल, ज्याला ते वॉटर पॉपिंग म्हणतात, तर सँपलची जागाही आधी तशीच ओली करून वाळवायला हवी, कारण त्याने तंतू उघडतात आणि तोच स्टेन जास्त डार्क येतो.

जॅकोबियन, एबनी वगैरे एकदम डार्क रंग पाहुण्यांसमोर भारी दिसतात. पण आपण घरात अनवाणी फिरतो, खिडकीतून ऊन आलं की पावलांचे ठसे, केस, धूळ, सांडलेला तांदळाचा दाणा न् दाणा दिसतो. दिवाळीत देवासमोर रांगोळी काढलीत तर ती पट्ट्यांच्या फटीत बसते आणि काळ्या फ्लोअरवर महिनाभर दिसत राहते. डार्क हवाच असेल तर निदान ग्लॉसी घेऊ नका, सॅटिन किंवा मॅट घ्या. उलट टोकाला ग्रे आणि व्हाइटवॉश, म्हणजे पांढरट स्टेन. रेड ओकवर व्हाइटवॉश मारला की खालचा गुलाबी वर येतो, अगदी स्ट्रॉबेरी मिल्कशेक, आणि ग्रेची फॅशन माझ्या मते आता ओसरली.

फर्निचरशी मॅच करायला जाऊ नका. भारतातून शिसमचा झोपाळा, सागवानी दिवाण आणलेला असेल तर खाली लालसर स्टेन नको, सगळी खोली लालेलाल होते आणि शिसमची नक्षी उठून दिसत नाही. फ्लोअर त्यापेक्षा चांगलाच फिका ठेवा.

पॉलीसुद्धा रंगच आहे हे लोक विसरतात. ऑइल-बेस्ड पॉली सोनेरी-पिवळसर झाक देते आणि ती वर्षागणिक वाढते, वॉटर-बेस्ड जवळजवळ बिनरंगी राहते, महाग असते पण वास कमी आणि वाळतेही लवकर. म्हणजे नॅचरल हवंय पण पिवळं नकोय तर स्टेन नाही, वॉटर-बेस्ड पॉली हे उत्तर. ऑइलवाली मारलीत तर महिनाभर तरी सतरंजी-रग टाकू नका, ती पूर्ण पक्की व्हायला तेवढा वेळ घेते.

आणि स्वतः मारणार असाल तर एक गोष्ट, ऑइल स्टेन पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून गराजमध्ये किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका, त्या वाळताना आतल्या आत तापतात आणि काडी न लावता पेट घेतात. बाहेर एकेक सुटी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा.