ऑनलाइन जाहिरात टाकून कामाला माणूस कसा शोधायचा

नुसतं 'कामाला मुलं पाहिजेत' असं टाकू नका, फोन ढीगभर येतात आणि कामाचा एकही निघत नाही. शीर्षकातच लिहा, 'पॅकिंगसाठी माणूस हवा, सकाळी ९ ते ६', कारण लोक स्क्रोल करताना तेवढंच वाचतात. खाली सुट्टी कधी, पगार किती आणि कुठल्या तारखेला मिळणार ते स्पष्ट टाका, पगार लपवला की चांगली माणसं फोनच करत नाहीत, हे अनुभवाने सांगतोय.

नंबर घरचा देऊ नका, वेगळं सिम ठेवा. फोन आला की आधी कुठे होता, ते काम का सोडलं आणि कधीपासून येणार एवढं विचारा आणि लगेच वहीत लिहा, नाहीतर संध्याकाळपर्यंत कोण कुठला काही आठवत नाही. जुन्या मालकाला एक फोन कराच. मग एक दिवस ट्रायलला बोलवा, पण त्या दिवसाचे पैसे द्यायचे म्हणजे द्यायचे, फुकट राबवून घेणं मला अजिबात पटत नाही. डिपॉझिट मागू नका, ओरिजिनल कागदपत्रं बघून तिथल्या तिथे परत द्या.

जागा भरली की जाहिरात त्याच दिवशी काढा, लोक आशेने फोन करत राहतात हो.