जीवाश्मांचं कपाट सांभाळताय? या चुका टाळा

मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या भूशास्त्र विभागात अमोनाइट (गुंडाळलेल्या शंखाचे, नामशेष झालेले समुद्री प्राणी), शिंपले, प्रवाळ यांचे जीवाश्म असतील, तर ते बहुतेक बाहेरून आलेले असतात. आपल्याकडे सगळा काळा पाषाण, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थिजलेला लाव्हा. म्हणूनच इथे सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे नमुना कुठून आला हे सांगणारी चिठ्ठी हरवणं.

झाडझूड करताना नमुने एका ट्रेमध्ये काढतात, चिठ्ठ्या दुसरीकडे ठेवतात आणि संध्याकाळी अंदाजाने जुळवतात. असं कधीही करू नका. अमोनाइट कुठल्या गावचा, कुठल्या थरातला हे गेलं की अभ्यासाला तो जवळजवळ निरुपयोगी. नुसतं ‘कच्छ’ लिहूनही भागत नाही. तिथले पाचम, चारी, कटरोल, उमिया हे थर वेगवेगळ्या काळातले आहेत. नमुन्यावरच क्रमांक घाला: कोपऱ्यात पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक रेझिनचा पातळ थर, त्यावर काळ्या शाईने आकडा, वर पुन्हा एक थर. तोच आकडा नोंदवहीत. जुनी चिठ्ठी फाटकी असली तरी फेकू नका. तिच्यावरचं अक्षरही पुरावा असतो.

पावसाळ्यात नमुन्यावर पिवळट-पांढरी भुकटी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. आत पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) असेल तर दमट हवेत त्याचं आम्ल होतं, आणि ते खडकाबरोबर चिठ्ठीही खातं. तो नमुना लगेच वेगळा काढा आणि सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला.

शिंपल्यांवर पांढरी भुकटी आणि दार उघडताच व्हिनेगरसारखा वास येत असेल, तर दोष बहुधा लाकडी कपाटाचा. लाकडातून सुटणारी आम्लं चुनखडी शिंपल्यांना खातात. लोखंडी कपाट बरं. नमुने उजळायला व्हिनेगर किंवा लिंबू तर मुळीच लावू नका, फेस येतो म्हणजे जीवाश्मच विरघळतोय.

विद्यार्थी शेतातून ‘दगडातलं फूल’ आणतात. पाषाणातल्या पोकळीत सुयांसारखे पसरलेले ते झिओलाइट या खनिजाचे स्फटिक असतात, जीवाश्म नव्हे. पण लाव्हाच्या दोन थरांमधला चुनखडीचा किंवा चर्टचा (गारेसारख्या कठीण खडकाचा) पट्टा असेल तर न बघता परत पाठवू नका. दख्खनच्या अशा पट्ट्यांत जुन्या तळ्यांतल्या फायसा गोगलगायींचे शंख सापडतात. जागा विचारा, फोटो घ्या, आणि नोंद त्याच दिवशी करा.